विकीवर वाचायचं, पण इतिहासाचं पान उघडून

कुठंही गप्पा रंगल्या आणि मी म्हटलं की हे मी विकिपीडियावर वाचलंय, की कोणीतरी हमखास म्हणतंच, "अगं पण तिथे काय, कोणीही काहीही लिहितं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा नीट बसून त्याच्यावर लिहूनच टाकू असं वाटलं. वाक्य खोटं नाहीये. कोणीही लिहू शकतं हे शंभर टक्के खरं. पण कोणीही खोडूही शकतं, कोणीही विचारू शकतं की बाबा रे हे कुठून आणलंस, आणि कोणी काय लिहिलं, कधी लिहिलं, कोणी ते खोडलं आणि खोडताना काय कारण दिलं हे सगळं त्याच लेखाच्या मागे नोंदलेलं राहतं. हा उरलेला अर्धा भाग कोणी बोलतच नाही, आणि माझ्या मते विश्वासाचा सगळा प्रश्न या उरलेल्या अर्ध्या भागातच आहे.

"विकिपीडियावर विश्वास ठेवावा का" असं सरसकट विचारण्यात मला काही अर्थ वाटत नाही. एकट्या इंग्रजी आवृत्तीत सत्तर लाखांहून जास्त लेख आहेत. त्यातला एखादा लेख शेकडो लोकांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून लख्ख केलेला असतो, तर एखादा कोणीतरी एकट्याने बसून लिहिलेला आणि त्यानंतर कोणी उघडूनही न पाहिलेला. दिसायला मात्र दोन्ही सेम, तोच फॉन्ट, तीच चौकट, तसेच निळे दुवे. त्यामुळे विचारायचं ते असं की आत्ता माझ्यासमोर जो लेख आहे त्यावर कितपत विसंबायचं. याचं उत्तर शोधायची साधनं तिथंच वरती टॅबमध्ये दिलेली असतात, बहुतेक जण त्यावर क्लिक करत नाहीत एवढंच.

थोडं मागे जाऊ, कारण सुरुवात कशी झाली हे कळलं की बरंच काही समजतं. २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा ऑनलाइन ज्ञानकोश सुरू केला होता. तिथे सगळं अगदी रीतसर, लेख जाणकारांनी लिहायचे, मग दुसऱ्या जाणकारांनी तपासायचे, सात टप्पे पार पडले की मगच लेख सगळ्यांसमोर येणार. ऐकायला किती छान, पण झालं असं की लेख पुढे सरकेचनात, आणि शेवटपर्यंत तिथे पूर्ण झालेले लेख पंचवीसेकच्या घरात राहिले. मग कच्चे लेख जरा पटापट जमावेत म्हणून १५ जानेवारी २००१ ला त्यांनी बाजूला एक विकी सुरू केली. विकीची कल्पना त्याआधीची, वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या प्रोग्रॅमरने १९९५ मध्ये अशी साइट बनवली होती की वाचणाऱ्यानेच पान उघडून तिथल्या तिथे बदल करायचा. विकिपीडिया हे खरं तर न्यूपीडियाचं पूरक काम होतं, पण पूरक तेच फोफावलं आणि मुख्य काम २००३ मध्ये बंद पडलं.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं हे वाटतं की माणसं दोन्हीकडे होती, जाणकारही दोन्हीकडे होते, फरक फक्त क्रमाचा होता. एकीकडे आधी तपासायचं आणि मग दाखवायचं, दुसरीकडे आधी दाखवायचं आणि मग तपासतच राहायचं. दुसऱ्या पद्धतीत चूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडी पडते, काही वेळ तशीच राहते, आणि हा तिचा धोका आहेच, तो कोणी नाकारू नये. पण ज्याला चूक दिसली त्याला ती तिथेच सुधारता येते, हे बळही त्याच पद्धतीतून येतं.

२००५ च्या डिसेंबरमध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकाने एक तुलना छापली होती, ती बऱ्याच जणांनी अर्धवट ऐकलेली असते. विज्ञानातले ४२ विषय घेतले, ब्रिटानिका हा जुना नावाजलेला ज्ञानकोश आणि विकिपीडिया, दोन्हीकडचे लेख त्या त्या विषयातल्या तज्ज्ञांना दिले, कुठला लेख कुठला हे न सांगता. गंभीर म्हणाव्यात अशा चुका दोन्हीकडे चार-चार निघाल्या. बारीकसारीक चुका, वगळलेल्या गोष्टी, दिशाभूल करणारी वाक्यं वगैरे धरून विकिपीडियात १६२ आणि ब्रिटानिकात १२३, म्हणजे साधारण एका लेखात चार विरुद्ध तीन. ब्रिटानिकाने पुढच्या वर्षी या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला, नेचरने तो मानला नाही. आता यावरून "विकिपीडिया ब्रिटानिकाइतकाच चांगला" असं म्हणणारे खूप आहेत आणि ते मला पटत नाही, एकतर विषय फक्त विज्ञानातले, त्यात लेख मोजकेच, आणि आकडे बघितले तर विकिपीडिया मागेच होता. मला रस आहे तो पुढे काय झालं त्यात. नेचरने काढलेल्या चुकांची यादी विकिपीडियाच्या संपादकांनी एका पानावर मांडली आणि एकेक चूक कोणी दुरुस्त केली, कुठली नुसती मतभेदाची आहे याच्या खुणा करत महिना-दीड महिन्यात ती यादी संपवली. सगळं उघड्यावर. चूक दाखवून दिल्यावर एखादी व्यवस्था कशी वागते यावरून मी तिच्यावर किती विसंबायचं ते ठरवते, आणि इथे ती बरी वागली असं मला मनापासून वाटतं.

आता एक गोष्ट जरा जवळून दाखवते. आयझॅक न्यूटनचा जन्म कधीचा? काही पुस्तकांत २५ डिसेंबर १६४२ असं असतं, काहींत ४ जानेवारी १६४३. दोन पुस्तकं समोरासमोर ठेवली तर वाचणाऱ्याला वाटणार की एकात चूक आहे. खरं म्हणजे दोन्ही तारखा बरोबर आहेत. न्यूटन जन्मला तेव्हा इंग्लंडमध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत नवीन ग्रेगोरियन, दोघांत तेव्हा दहा दिवसांचा फरक होता, आणि इंग्लंडने नवीन कॅलेंडर घेतलं ते थेट १७५२ मध्ये. त्याच्या मृत्यूच्या तारखेत तर आणखी गंमत आहे, कारण जुन्या इंग्रजी पद्धतीत वर्षच २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे मार्च महिन्यात गेलेला माणूस एका हिशेबाने १७२६ मध्ये गेला आणि दुसऱ्या हिशेबाने १७२७ मध्ये.

छापील पुस्तकाला बहुतेक वेळा यातली एक तारीख निवडून पुढे जावं लागतं, जागा नसते, समजावत बसायला वेळ नसतो. विकीवर दोन्ही तारखा दिसतात आणि असं का याची टीप दिसते. ही टीप आकाशातून पडलेली नाही. कोणीतरी येऊन "ही तारीख चुकीची आहे" म्हणून बदलतं, दुसरा कोणी ती परत फिरवतो, तिसरा विचारतो की दोन्ही का देत नाही, मग लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर कॅलेंडरं निघतात, संदर्भ निघतात, आणि सगळ्यांना मान्य होईल असं एक वाक्य तयार होतं. पुढच्या वेळी नवीन माणूस त्याच शंकेने येतो तेव्हा उत्तर तयार असतं. असल्या टिपा मला फार आवडतात, कारण त्यात कुठेतरी झालेल्या खऱ्याखुऱ्या वादाचा निकाल साठवलेला असतो आणि वाद कसा झाला तेही वाचता येतं.

ज्यांनी इतिहासाचं पान कधी उघडलंच नाही त्यांच्यासाठी सांगते. लेखाच्या वर "इतिहास" म्हणून टॅब असतो, त्यात आजवरचा प्रत्येक बदल तारीख-वेळेसकट एकाखाली एक लावलेला. कुठल्याही दोन आवृत्त्या निवडायच्या आणि फरक बघायचा, डावीकडे आधीचं, उजवीकडे नंतरचं, बदललेला शब्द रंगवून दाखवलेला. एखादा आकडा संशयास्पद वाटला की मी पहिलं काम हे करते, तो आकडा कधी आला ते शोधते. बऱ्याचदा असं दिसतं की आकडा कित्येक वर्षं एकच होता, गेल्या आठवड्यात एका बिननावाच्या संपादनात, काही कारण न देता, फक्त एक अंक बदलला गेला. असं दिसलं की माझ्यापुरता निकाल लागतो. ही सोय दुसरीकडे कुठे आहे सांगा. वर्तमानपत्राच्या साइटवर बातमी मागाहून गुपचूप बदलली तर आपल्याला पत्ता लागत नाही, कुठल्याशा आरोग्याच्या वेबसाइटवर काल काय लिहिलं होतं आणि आज काय लिहिलंय हे कळायला मार्ग नसतो.

उत्पात करणाऱ्यांचं म्हणाल, तर शिव्या लिहिणं, पान कोरं करणं, मित्राचं नाव घुसवणं असल्या गोष्टींना तिथे फार आयुष्य नसतं. इंग्रजी विकीवर क्लूबॉट एनजी नावाचा सांगकाम्या, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम आहे, तो २०१० पासून असले बदल ओळखून आपोआप उलटवतो, बऱ्याचदा काही सेकंदांतच. त्याच्या तावडीतून सुटलेलं अलीकडील बदलांच्या यादीवर नजर ठेवून बसलेल्या माणसांना दिसतं, आणि त्यांच्याही हातून निसटलेलं ज्यांनी तो लेख आपल्या वॉचलिस्टमध्ये, म्हणजे लक्ष ठेवायच्या लेखांच्या यादीत ठेवलाय त्यांना. लेख फारच वादाचा असेल तर तो अर्धसुरक्षित करतात, म्हणजे इंग्रजीत खातं उघडून चार दिवस आणि दहा संपादनं झाल्याशिवाय तिथे हात लावता येत नाही. तेव्हा "कोणीही काहीही" यातलं "काहीही" तितकंसं खरं नाही.

पण थट्टामस्करी पकडणं सोपं असतं. अवघड असतं ते शांतपणे, सभ्य भाषेत, संदर्भ लावून लिहिलेलं खोटं, आणि तिथे विकी वाईट रीतीने फसलेली आहे. हे लपवून तिचं कौतुक करण्यात काही हशील नाही.

२००५ मध्ये जॉन सिगेनथॅलर या अमेरिकी पत्रकाराच्या लेखात कोणीतरी लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. संपूर्ण खोटं. साधारण चार महिने ते तसंच राहिलं, कारण त्या लेखाकडे कोणी बघतच नव्हतं. त्या माणसाला काय वाटलं असेल याची कल्पना करा, आणि त्यांनी ते जाहीरपणे लिहिल्यावरच जग हललं. त्यानंतर इंग्रजी विकीवर खातं न उघडता नवीन लेख सुरू करणं बंद झालं, आणि जिवंत व्यक्तींबद्दलचे नियम फार कडक केले गेले, वादग्रस्त विधानाला संदर्भ नसेल तर चर्चा करत बसायचं नाही, आधी काढून टाकायचं. नियम चांगला आहे, पण तो एका निरपराध माणसाची बदनामी झाल्यावर आला हे विसरता कामा नये.

टोस्टरची गोष्ट त्याहून लांबली. २०१२ मध्ये काही विद्यार्थ्यांनी गंमत म्हणून लिहून टाकलं की इलेक्ट्रिक टोस्टर एका स्कॉटिश शास्त्रज्ञाने शोधला, पुढे त्याचं सविस्तर चरित्रही लिहिलं गेलं, फोटोही लागला. माणूस मुळात अस्तित्वातच नव्हता. दहा वर्षं ते टिकलं, पुस्तकांत गेलं, बातम्यांत गेलं, आणि २०२२ मध्ये एका शाळकरी मुलाला तो फोटो बघून शंका आली की हा एडिट केलेला दिसतोय, तेव्हा बिंग फुटलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त राग येतो तो पुस्तकवाल्यांचा आणि बातमीवाल्यांचा. ज्यांचं तपासणं हेच काम, त्यांनी न तपासता उचललं, आणि मग त्यांची पुस्तकं विकीला संदर्भ म्हणून लागली. हे चक्र फार घातक आहे. २००९ मध्ये जर्मनीत कार्ल-थिओडोर झू गुटेनबर्ग मंत्री झाले तेव्हा हेच झालं, त्यांना आधीच भलीमोठी नावांची माळ होती, त्यात कोणीतरी विकीवर "विल्हेल्म" हे जादाचं नाव घुसवलं, मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी ते जसंच्या तसं छापलं, आणि मग तीच बातमी त्या नावाचा पुरावा म्हणून पुढे आली. म्हणून संदर्भ आहे एवढ्यावर भागत नाही, संदर्भ कधीचा आहे तेही बघायचं. विकीत वाक्य आलं २०१२ मध्ये आणि त्याच्या आधारासाठी दिलेला सगळ्यात जुना लेख २०१५ चा, असं असेल तर मी ते वाक्य सोडून देते.

चिनी विकिपीडियावर तर एका बाईने मध्ययुगीन रशियाचा अख्खा काल्पनिक इतिहास उभा केला होता, राजे, लढाया, चांदीच्या खाणी, दोनशेहून जास्त लेख, एकमेकांना जोडलेले आणि तळाला भरगच्च संदर्भ. २०२२ मध्ये एका चिनी कादंबरीकाराला लिखाणासाठी माहिती शोधताना संशय आला, रशियन जाणणाऱ्यांकडून संदर्भ बघून घेतले, तर दिलेली पानं त्या पुस्तकांत नव्हतीच. त्याआधी २०२० मध्ये स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेच्या विकीचं प्रकरण बाहेर आलं, तिथले हजारो लेख एका अमेरिकी मुलाने लिहिले होते ज्याला ती भाषा येतच नव्हती, इंग्रजी वाक्यं घेऊन शब्द फिरवले होते. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण त्या भाषेची माणसं तिथे इतकी थोडी होती की कित्येक वर्षं कोणी टोकलं नाही.

ही सगळी प्रकरणं शेजारी ठेवून बघा, कारण एकच निघतं. बघणारे डोळे कमी होते. सिगेनथॅलर यांचा लेख कोणाच्या वॉचलिस्टमध्ये नव्हता, टोस्टरच्या शोधकाबद्दल कोणाला पडलेली नव्हती, मध्ययुगीन रशियावर चिनीत लिहिणारे मूठभर, स्कॉट्सचे संपादक त्याहून कमी. उलट ज्या लेखांवर रोज गर्दी असते, म्हणजे गुरुत्वाकर्षण, मलेरिया, दुसरं महायुद्ध, तिथे असलं काही दिवसभरही टिकणार नाही. यावरून वाचायची रीत आपोआप ठरते. गर्दीच्या लेखावर मी बऱ्यापैकी विसंबते, आडबाजूच्या लेखावर फारच कमी, आणि आडबाजूचा लेख जर खूपच गुळगुळीत, खूपच तपशीलवार आणि एकाच माणसाने लिहिलेला असेल तर मुद्दाम सावध होते. छोट्या भाषांच्या आवृत्त्यांना हा नियम दुप्पट लागू, कारण विकिपीडिया तीनशेहून जास्त भाषांत असला तरी सगळीकडे माणसं सारखी नाहीत. इंग्रजीत जे तासाभरात दुरुस्त होतं ते दुसऱ्या भाषेत वर्षभर तसंच राहू शकतं.

आणि पैशासाठी लिहिणारे हाही एक त्रास आहेच. २०१५ मध्ये इंग्रजी विकीने एका झटक्यात ३८१ खाती बंद केली, सगळी आतून जोडलेली, पैसे घेऊन लेख लिहिणारी. कंपन्यांचे, उत्पादनांचे, फारसे माहीत नसलेल्या कलाकारांचे लेख वाचताना भाषा जाहिरातीसारखी वाटली तर शंका घ्यावीच.

जे लिहिलंय त्यात चूक असणं हा एक प्रश्न, पण जे लिहिलेलंच नाही त्याचं काय? २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा विकिपीडियावर त्यांचा लेखच नव्हता. काही महिन्यांपूर्वी कोणीतरी मसुदा लिहिला होता, तो पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून परत पाठवला गेला. सगळ्यांनी विकीला झोडपलं, थोडं बरोबरही होतं, पण विकीचा नियमच असा आहे की बाहेर कोणी लिहिलेलं असेल तेच इथे येणार. वर्तमानपत्रांनी, मासिकांनी बायकांच्या कामावर लिहिलंच नाही तर विकीकडे संदर्भ येणार कुठून? त्यामुळे विकीत काय नाही हे बघताना मला विकीपेक्षा बाहेरच्या जगाबद्दल जास्त कळतं. तरीही मसुदा तपासणाऱ्याने दोन मिनिटं जास्त शोधलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतंच.

फायद्यांबद्दल बोलायचं तर वेग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, पण मला वेगापेक्षा जे मोकळेपण आहे ते मोठं वाटतं. मजकूर कोणीही घ्यावा, छापावा, बदलावा, विकावा सुद्धा, फक्त श्रेय द्यावं आणि पुढे त्याच अटीवर द्यावा. यामुळे किविक्ससारखं सॉफ्टवेअर शक्य झालं, ज्यात आख्खा विकिपीडिया डाउनलोड करून इंटरनेटशिवाय वाचता येतो, आणि जिथे नेट पोचत नाही किंवा परवडत नाही तिथल्या शाळांत, जहाजांवर, तुरुंगांत लोक तो वाचतात. चालवणारी संस्था ना-नफा, देणग्यांवर चालणारी, लेखात जाहिरात नाही. वाचणाऱ्याला जास्त वेळ अडकवून ठेवण्यात तिथे कोणाचाच फायदा नाही, आणि आजच्या इंटरनेटवर असं म्हणता येईल अशी किती मोठी ठिकाणं उरलीत?

आणि विकिपीडिया म्हणजे सगळं नाही. ओपनस्ट्रीटमॅप बघा, २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला, लोकांनीच काढलेला जगाचा नकाशा. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा कामाला येईल असा नकाशा जवळजवळ नव्हताच. उपग्रहाची छायाचित्रं खुली केली गेली, आणि जगभरातल्या शेकडो लोकांनी घरी बसून त्यावरून रस्ते गिरवले, पडलेल्या इमारती खुणावल्या, तंबूंच्या वस्त्या टाकल्या. काही दिवसांत त्या शहराचा इतका तपशीलवार नकाशा तयार झाला की बचावपथकं तो आपल्या जीपीएसमध्ये घालून फिरत होती. यातल्या बहुतेकांनी हैती कधी पाहिलेलं नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं, आणि अजूनही कोणी विचारलं की फुकटात काम करणाऱ्यांना काय मिळतं, तर मी हेच सांगते.

औषधपाण्याच्या बाबतीत मात्र वेगळं बोलायला हवं. इंग्रजी विकीवर वैद्यकीय लेखांसाठी संदर्भांचे नियम इतर लेखांपेक्षा कडक आहेत, एखादा सुटा प्रयोग किंवा वर्तमानपत्रातली बातमी तिथे चालत नाही, अनेक अभ्यास एकत्र तपासून लिहिलेलं परीक्षण लागतं. २०१४ मध्ये इबोलाची साथ पसरली तेव्हा त्या लेखावर डॉक्टर मंडळी स्वतः बसून काम करत होती, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आपली चित्रं, तक्ते विकीवर वापरायला मोकळे केले. आजार काय, कसा पसरतो, डॉक्टर काय बोलतायत ते समजून घ्यायला हे उत्तम. पण गोळी किती घ्यायची हे तिथून ठरवू नका, आणि गंमत म्हणजे विकीच्या स्वतःच्या लेखनसंकेतातच लिहिलंय की औषधाचं प्रमाण सहसा लेखात द्यायचं नाही.

तसंच विद्यार्थ्यांना शिक्षक सांगतात की विकीचा संदर्भ देऊ नका. बरोबरच सांगतात. विकिपीडियाच्या स्वतःच्या नियमांत विकिपीडिया हा विश्वसनीय स्रोत धरलेला नाही, एका लेखाचा आधार म्हणून दुसरा लेख देता येत नाही. ज्ञानकोश कुठलाही असो, तो शोधाची सुरुवात करायला असतो. पण "संदर्भ देऊ नका" याचा अर्थ "वाचू नका" असा जो सांगितला जातो ना, तिथे मुलांचं नुकसान होतं. त्यापेक्षा त्यांना लेखाच्या तळाशी जायला शिकवा, तिथल्या यादीतलं एक पुस्तक, एक शोधनिबंध उघडायला लावा, आणि वर लिहिलेलं वाक्य त्यात खरंच आहे का ते बघायला सांगा. मी हे बऱ्याचदा करते आणि कधीकधी असं निघतं की स्रोतात "काही जणांच्या मते" आहे आणि लेखात ते ठाम विधान होऊन बसलंय. असं वाचायला शिकलेला मुलगा पुढे आयुष्यभर कुठल्याच फॉरवर्डला सहजासहजी फसणार नाही.

हल्ली लोक विकीही उघडत नाहीत, थेट एआयला विचारतात. उत्तर लगेच येतं, भाषा गोड असते, आत्मविश्वास भरपूर. त्या एआयने शिकताना जे वाचलंय त्यात विकिपीडियाचा वाटा मोठा आहे, म्हणजे कोणा अनोळखी माणसांनी चर्चा पानांवर भांडून ठरवलेलं वाक्यच फिरून आपल्यापर्यंत येतं, पण येताना मागचं सगळं गळून पडलेलं असतं. कोणी लिहिलं, कधी, कशाच्या आधारावर, कोणाचा आक्षेप होता, बिनसंदर्भाच्या वाक्याला लावतात ती "संदर्भ हवा" अशी पाटी लागलेली होती का, यातलं काहीच त्या उत्तराबरोबर येत नाही. मला त्या पाटीचं फार मोल वाटतं. ती बघून लोक म्हणतात की बघा, यांनाच खात्री नाही. अहो पण जिथे खात्री नाही तिथे तसं लिहून ठेवणारे किती जण भेटतात तुम्हाला?

शेवटी ज्यांना स्वतः हात लावावासा वाटतोय पण भीती वाटते त्यांच्यासाठी दोन शब्द. पहिल्याच दिवशी राजकारणावरच्या लेखात शिरू नका. धूळपाटी नावाचं सरावाचं पान असतं, तिथे हवं ते खरडून बघा, काही बिघडत नाही. मग तुम्हाला खरंच माहीत असलेल्या एखाद्या विषयाचा लेख घ्या, तुमच्या कपाटात त्यावरचं एखादं चांगलं पुस्तक असेल तर फारच उत्तम, आणि लेखातलं एक बिनसंदर्भाचं वाक्य शोधून त्याला त्या पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान क्रमांक लावा. जतन करण्याआधी बदलाचा आढावा लिहायची छोटी चौकट येते, ती रिकामी सोडू नका, काय केलं आणि का केलं ते एका ओळीत लिहा, कारण पुढे इतिहासाचं पान वाचणाऱ्याला तेवढीच ओळ दिसते. तुमचा बदल कोणी उलटवला तर लगेच परत टाकू नका, चर्चा पानावर जाऊन विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळतं, आणि कधी उत्तर देणाऱ्याकडे तुमच्यापेक्षा चांगलं पुस्तक निघतं.